दार धाड्कन लागलं, चावी आत, गॅसवर कुकर. घरातल्या वस्तूंनी लॅच खरंच उघडतं का?

पातलीपाडा_वासी (प्रश्न)

आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास ओला कचरा बाहेर ठेवायला गेले, म्हणजे उंबऱ्यापासून फक्त दोन पावलं, आणि मागे दार धाड्कन लागलं. आमचा फ्लॅट आठव्या मजल्यावर, येऊरच्या बाजूच्या खिडक्या सताड उघड्या, आणि पावसाळ्यात तिकडून वारा कसा येतो ते घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना सांगायला नको. लॅच आपोआप लागतं. चावी आत हुकला, मोबाईल आत ओट्यावर, अंगात गाऊन, हातात कचऱ्याची बादली आणि गॅसवर कुकर. डाळ-भाताच्या दोन शिट्ट्या ऑलरेडी झालेल्या, तिसरी झाली की बंद करायचा होता.

समोरच्या काकांची बेल वाजवली. त्यांच्या फोनवरून नवऱ्याला लावायला गेले तर लक्षात आलं की दहा वर्षं लग्नाला झाली पण नवऱ्याचा नंबर पाठ नाही. पाठ आहे तो फक्त डोंबिवलीचा आईचा लँडलाइन. मग आईला फोन, आईने त्याला फोन, तो ऐरोलीच्या ऑफिसात, दुसरी चावी त्याच्याकडे, म्हणाला निघतो पण कापूरबावडीला काय असेल सांगता येत नाही, तासभर धर.

तोपर्यंत आमचे प्रयोग चालू. आधी माझ्या केसातली पिन, ती वाकडी झाली आणि चावीच्या भोकात फिरता फिरेना. मग काकांनी त्यांचं एटीएम कार्ड काढलं, फटीत घातलं, जोर लावला, कट्टकन आवाज आला आणि दाराचं नाही, कार्डाचं झालं. काकू आतून म्हणाल्या "पेन्शनचं कार्ड होतं ना ते?" मग काकांनी स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे आणला, तो बरा आत गेला पण दोनेक बोटं गेल्यावर कुठेतरी अडायचा. वॉचमन मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि म्हणाला "मॅडम तोडू का". कुकरच्या शिट्ट्या मी मोजत होते. आठवीनंतर शिट्टी थांबली, नुसतं फुस्स्स् असं सुरू झालं, आणि मग जळका वास.

शेवटी नेटवर नंबर मिळालेल्या लॉकवाल्याला बोलावलं, फोनवर म्हणाला तीनशे, आला पस्तीस मिनिटांनी, दाराकडे एकदा बघितलं आणि सरळ ड्रिल काढलं. लॅचला भोक, दहा मिनिटांत दार उघडं, बिल ३,२००. वर म्हणतो नवीन लॅच पण माझ्याकडूनच घ्या.

डाळीचा कोळसा, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व गेला, आणि छताला पिवळे शिंतोडे अजून आहेत.

तर प्रश्न असा की १) असं परत झालं तर घरातल्या किंवा शेजाऱ्याच्या घरातल्या वस्तूंनी आपलं आपण दार उघडता येतं का, की ते सगळं सिरियलमध्येच. २) ड्रिल मारायची गरज होती का. ३) एक्स-रे अडत कुठे होता, कारण काका अजून म्हणतायत की "थोडक्यात राहिलं".

---

उगाच_एक_जण

काकांच्या गुडघ्याने प्रयत्न केला हे काय कमी आहे.

सीरियसली, नंबर पाठ नसणं हा या धाग्यातला सगळ्यात भीतीदायक भाग आहे. मी आत्ता बायकोचा आठवून बघितला, शेवटचे चार आकडे आले.

---

सुताराचा_पोर

ताई, वडिलांचं कळव्यात फर्निचरचं काम होतं, लहानपणापासून शंभरेक दारं तरी बसवताना बघितली आहेत म्हणून सांगतो. दार उघडणार की नाही हे हातात काय वस्तू आहे त्यापेक्षा लॅचची जीभ कुठली आहे त्यावर ठरतं. हे एक कळलं की अर्धा वेळ वाचतो.

जीभ म्हणजे दार लावल्यावर चौकटीच्या खोबणीत जाते ती. एक असते तिरकी, एका बाजूने उतरती, मागे स्प्रिंग. दार ढकललं की उतार चौकटीवर घासून जीभ आत दबते आणि मग टक् करून बाहेर येते, म्हणून चावी न लावता दार लागतं. तुमचं हेच झालं. दुसरी असते चौकोनी, चावी फिरवल्याशिवाय ती हलत नाही, आत पण जात नाही आणि बाहेर पण येत नाही. बऱ्याच नाईट लॅचमध्ये दोन्ही कामं एकच जीभ करते, नुसतं ओढलं तर स्प्रिंगवर, बाहेरून चावीचा अजून एक आटा दिला की ती जाम.

खेळायचा पत्ता, कार्ड, एक्स-रे, कोल्ड्रिंकच्या बाटलीची कापलेली पट्टी, हे सगळं फक्त पहिल्या प्रकाराला चालतं. उतारावर काहीतरी पातळ सरकवायचं आणि जीभ आत दाबायची, बास. चौकोनी जिभेला उतारच नाही, तिथे तुम्ही आधार कार्ड घाला नाहीतर पासपोर्ट घाला.

आता तुमचा एक्स-रे कुठे अडला. आपल्याकडे मेन दार आत उघडतं आणि चौकटीला खाच असते, पल्ला त्या खाचेत बसतो. बाहेरून बघितलं तर जी फट दिसते ती सरळ लॅचपर्यंत जात नाही, आधी लाकूड लागतं, मग काटकोनात वळायचं, मग जीभ. उतार तुमच्याच बाजूला आहे, म्हणजे नशीब बरोबर होतं, पण कार्ड काटकोनात वळत नाही. एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं आणि जिथे चिप असते तिथून तडकतं, काकांचं तिथूनच गेलं असणार. एक्स-रेची फिल्म पातळ आणि लवचिक म्हणून ती वळू शकते, पण पल्ला चौकटीत घट्ट असेल तर तिलाही वळायला जागा मिळत नाही. जुनी दारं जिथे पल्ला थोडा वाकलाय, बोटभर फट आहे, तिथे जाते. एका हाताने दार आतबाहेर हलवत राहायचं म्हणजे जिभेवरचा ताण सुटतो, आणि फिल्म लॅचच्या थोडी वरून घालून खाली आणायची. सरळ लॅचवरच खुपसलं तर तिथे पट्टी असते.

सेफ्टी डोअर किंवा जे दार बाहेर उघडतं तिथे उलटं, उतार आतल्या बाजूला, तुमच्या वाट्याला सपाट बाजू. तिथे वेळ घालवू नका.

आणि हो, हे सगळं आपल्या घराला, शेजारी आणि वॉचमन उभे असताना.

ड्रिलचं विचाराल तर, नुसतं ओढलेलं लॅच होतं, ड्रिल म्हणजे आळस. चांगला चावीवाला आधी दार हलवून बघतो, पाच-दहा मिनिटं हाताने प्रयत्न करतो, नाहीच झालं तर मग मशीन. आणि बऱ्याच लॅचमध्ये नुसतं चावीचं सिलिंडर बदलून मिळतं, अख्खं लॅच नवीन घ्यायची गरज नसते. ३,२०० तुमच्या घाईचे घेतले त्याने.

---

पातलीपाडा_वासी

अरे देवा. म्हणजे काका खरंच थोडक्यात राहिले. हे त्यांना सांगू का नको, कार्ड अजून बँकेतून आलेलं नाही.

---

चावीपुराण

हेअरपिनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी.

एका पिनेने कुलूप उघडत नाही, कितीही सिनेमे बघा. आपल्या चपट्या दातेरी चावीच्या कुलपात आत ओळीने छोट्या पिना असतात, वरून स्प्रिंगने दाबलेल्या, प्रत्येक पिन दोन तुकड्यांची. चावीचे दाते त्या बरोबर हव्या तेवढ्या उचलतात, सगळ्यांचा सांधा एका रेषेत आला की सिलिंडर फिरतं. म्हणजे पिना उचलायला एक हत्यार आणि त्याच वेळी सिलिंडरवर हलका फिरवता ताण ठेवायला दुसरं, दोन्ही लागतात, आणि वर महिनोन्महिने सराव. ताईंच्या पिनेने फार तर एखादी पिन उचलली असेल, ती लगेच खाली आली असेल. ही रचना लायनस येल नावाच्या अमेरिकन माणसाने १८६० च्या दशकात पेटंट केली, आणि आपल्या दाराला आज जे आहे ते मुळात तेच.

त्याच्या आधीची गोष्ट अजून भारी. लंडनला ब्रामाह कंपनीने दुकानाच्या खिडकीत कुलूप लावून ठेवलं होतं, उघडून दाखवेल त्याला २०० गिनी. बरीच वर्षं ते तसंच. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला आणि त्याने उघडलं, पण किती वेळात, तर सोळा दिवसांत मिळून ५१ तास. तुमचा कुकर तोपर्यंत थांबला असता का.

(आपल्या मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ ला लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, नंतर तिजोऱ्या. उगाच माहिती.)

आता कामाचं. निम्म्या वेळा "दार उघडत नाही" म्हणजे चावी आत राहिलेली नसते, चावी हातात असते आणि फिरत नाही. तिथे ड्रिलवाल्याला बोलावण्याआधी हँडल धरून पल्ला वर उचला आणि मग चावी फिरवा. बिजागऱ्या ढिल्या झाल्या की पल्ला दोनचार मिलिमीटर खाली बसतो आणि जीभ खोबणीच्या कडेला अडकते. उचलून नाही झालं तर स्वतःकडे घट्ट ओढून फिरवा, मग आत ढकलून फिरवा. या तीन चालीत माझ्या ओळखीतली चार दारं उघडली आहेत.

चावी कडक फिरते म्हणून खोबरेल तेल घालणारे सगळीकडे असतात, आमच्या घरी पण आहेत, नाव घेत नाही कारण ती हा धागा वाचेल. तेलाने दोन दिवस मस्त चालतं, मग धूळ चिकटून आत लगदा होतो. पेन्सिलीचं शिसं घासून पूड करा, चावीला चोळा, आत-बाहेर करा. ते कोरडं असतं, चिकटत नाही.

चावी तुटून आत राहिली तर आधी बघा भोक कुठल्या स्थितीत आहे, चावी घालायच्या सरळ स्थितीत असेल तरच तुकडा बाहेर येतो. बारीक चिमटा किंवा हॅकसॉ ब्लेडचा पातळ कापलेला तुकडा दात बाहेरच्या बाजूला ठेवून, तुकड्याच्या कडेने आत सारून ओढायचा. काडीला फेविक्विक लावून चिकटवायचा उपाय व्हिडिओत दिसतो तो करू नका, काडी, तुकडा आणि सिलिंडर असं कुटुंब एकत्र नांदायला लागतं.

---

सावध_नागरिक

असले धागे कशाला काढता? चोरांना ट्रेनिंग देताय का? ॲडमिननी बघावं.

---

सुताराचा_पोर

साहेब, चोर एक्स-रे घेऊन येत नाही, कटावणी घेऊन येतो. बाहेरचं कुलूप तोडत पण नाही, कोयंडाच चौकटीतून उपटतो, कारण आपण कुलूप हजाराचं घेतो आणि कोयंडा अर्ध्या इंची स्क्रूवर बसवतो. हे वाचून कोणी आपलं दार तपासलं तर बरंच आहे की.

---

मसुंदा_काठची

मी सत्तरी ओलांडलेली, नात टाइप करून देते आहे, चुका तिच्या.

आमचं चरईतलं जुनं घर, दोन फळ्यांचं दार, आतून लोखंडी कडी वरच्या चौकटीला. त्या दोन फळ्यांच्या मध्ये फट असायचीच, लाकूड पावसात फुगायचं आणि उन्हाळ्यात आकसायचं, त्यामुळे मे महिन्यात त्या फटीतून अख्खी गल्ली दिसायची. दुपारी सगळे झोपले की आम्ही भावंडं बाहेर पळायचो आणि परत येताना कडी लागलेली. मग धाकट्याची शाळेची लाकडी फूटपट्टी फटीतून आत घालायची, कडीच्या खाली न्यायची आणि वर उचलायची. कडी निघाली की ती खण्णकन मागे पडायची, तोच धोका, म्हणून आवाज होऊ नये म्हणून एकाने दार धरून हळूच ढकलायचं आणि दुसऱ्याने फटीतून बोट घालून कडी झेलायची. माझ्या तर्जनीवर अजून खूण आहे.

वडिलांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी आडणा बसवला. ते जाडजूड लाकूड भिंतीतल्या भोकातून सरकवून दाराला आडवं लागतं, त्यापुढे फूटपट्टीचं काही चालेना.

आता राहते त्या फ्लॅटचं दार पावसाळ्यात फुगून बसतं आणि मुलगा म्हणतो आई लॅच खराब झालं. लॅचला काय धाड भरली आहे. लाकूड रुंदीत फुगतं, उंचीत नाही, म्हणून बाजूची कड घासते. मेणबत्ती नाहीतर कोरडा साबण त्या कडेला चोळायचा. रंधा मारायला सुताराला पावसाळ्यात बोलावू नये, उन्हाळ्यात तीच फट होते. (नात: हे खरं आहे, आमच्या बेडरूमच्या दाराला आता हवा येते.)

---

नेरुळ_वेस्ट

मेन दाराचं सगळं बोललात, बाथरूमचं मी सांगते, कारण ते जास्त घडतं आणि तिथे आत मूल असतं.

माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना बाथरूममध्ये गेला आणि गोल मुठीच्या लॉकचं मधलं बटण दाबून बसला. त्याला ते टक् टक् करायला आवडायचं. बाहेर मी, सासूबाई, आत तो आणि पाण्याने भरलेली बादली. पहिली पाच मिनिटं तो हसत होता, मग मी दारावर धडाधडा मारायला लागले तसा रडायला लागला. ही माझी चूक. आपण घाबरलो की ते घाबरतं, आणि एकदा रडायला लागलं की "बटण परत दाब बाळा" हे ऐकत नाही.

त्या गोल लॉकच्या बाहेरच्या मुठीला मधोमध एक बारीक भोक असतं किंवा एक सरळ खाच असते. मी चार वर्षं त्या घरात राहत होते, मला वाटायचं डिझाइन आहे. ते याचसाठी दिलेलं असतं. खाच असेल तर रुपयाचं नाणं किंवा नखं कापायच्या मशीनची चपटी कड घालून फिरवायचं. भोक असेल तर सेफ्टी पिन सरळ करून किंवा विणायची बारीक सुई आत सरळ दाबायची, आत स्प्रिंग लागते, टक् होतं. माझ्या सासूबाईंची क्रोशाची सुई कामाला आली, आणि ती अजून त्या दाराच्या वरच्या चौकटीवर ठेवलेली आहे, कोणी हलवायची नाही.

आतून साधी कडी किंवा टॉवर बोल्ट असेल तर हे चालत नाही. तेव्हा बघा बिजागऱ्या कुठे आहेत. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिन तुमच्या बाजूला असते, खालून खिळा लावून पक्कडने वर ठोकली की निघते, आणि पल्ला त्या बाजूने सरकवता येतो. आपल्याकडच्या पीव्हीसी दारांना तर सरळ स्क्रूच बाहेर दिसतात. दार आत उघडत असेल तर डक्टच्या बाजूच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढता येतात, पण चौथ्या मजल्यावर डक्टमध्ये चढायला जाऊ नका. हे मी ज्याला म्हणते आहे त्याला कळलं.

आणि ताई, तुमच्याबद्दल एक खरं सांगू? राग मानू नका. गॅस चालू, आत जळका वास, आणि तुम्ही चाळीस मिनिटं एक्स-रे खुपसत होतात. १०१ लावायचा होता. किंवा ११२. आत मूल, म्हातारं माणूस किंवा चालू गॅस, यातलं काहीही असेल तर फायर ब्रिगेडला बोलवायला लाजायचं नाही, दार अडकल्याचे कॉल ते घेतात, त्यांना हे नवीन नसतं. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक आजी आत पडल्या होत्या तेव्हा त्यांनी दार न तोडता गॅलरीतून माणूस उतरवला होता. आणि जळक्या वासाऐवजी गॅसचा वास असता तर बेल दाबायची नाही, लिफ्टमधून धावपळ नाही, मजल्याचे दिवे चालू-बंद नाही, ठिणगी तेवढी पुरते. खाली उतरून फोन. गॅसगळतीसाठी १९०६ आहे.

---

पातलीपाडा_वासी

राग कसला, बरोबर आहे. त्या वेळी सुचलंच नाही, डोक्यात एकच होतं की कुकर आहे फक्त, फायर ब्रिगेडची गाडी बिल्डिंगमध्ये आली तर लोक काय म्हणतील. आणि मी गाऊनवर.

---

उगाच_एक_जण

गाऊन हा महाराष्ट्राचा अनधिकृत गणवेश आहे, फायरवाल्यांनी बघितलेला असतो.

कुकरचा व्हॉल्व "गेला" म्हणताय पण तो वाचला नाही म्हणून बाकी सगळं वाचलं. तो वितळायलाच बसवलेला असतो, पाणी संपून तापमान वाढलं की तो आधी जातो म्हणजे झाकण जात नाही. नवीन घालताना त्याच कंपनीचा घाला, मिळेल तो नको.

---

चावीपुराण

नवीन लॅचचं राहिलं. ताई, ज्यांच्या घरात हवा खेळते त्यांनी आपोआप लागणारं लॅच घेऊच नये असं माझं मत. चावी फिरवल्याशिवाय लागत नाही असं मुख्य कुलूप घ्या, बाहेर पडताना फिरवायची सवय लागते. लॅचच हवं असेल तर आतल्या बाजूला एक छोटं बटण असतं, जीभ आत ओढून ते सरकवलं की जीभ आतच राहते, कचरा ठेवायला जाताना ते सरकवा. निम्म्या लोकांना हे बटण कशाला आहे माहीतच नसतं.

जास्तीची चावी शेजाऱ्याकडे. कुंडीखाली, चपलांच्या रॅकमध्ये, मीटरच्या पेटीवर नको, या तीन जागा सगळ्यांना माहीत आहेत, तुम्हाला माहीत आहेत ना.

आणि चावीवाला आधीच शोधून ठेवा. स्टेशनजवळ, जांभळी नाक्याच्या बाजारात चाव्या घासणारे बसतात, एखाद्याशी ओळख करा, भाव आधी विचारा. घरी आल्यावर जो लाइट बिल मागतो किंवा वॉचमनला विचारतो की ही बाई इथलीच ना, तोच माणूस चांगला. जो काहीच न विचारता दार उघडून देतो तो उद्या दुसऱ्या कोणालाही तुमचं उघडून देईल.

---

पातलीपाडा_वासी

अपडेट. रविवारी आम्ही प्रयोग केला.

नवरा आत, मी बाहेर, चावी माझ्या हातात, काका एक्स-रे घेऊन हजर, काकू खुर्ची टाकून. आधी आमच्या दारावर, नुसतं ओढून लावलेलं. सुताराचा_पोर यांनी सांगितलं तसं वरून घालून खाली आणलं, दार हलवत राहिलो, पंचवीस मिनिटं. नाही उघडलं. पल्ला खाचेत इतका घट्ट आहे की फिल्म वळतच नाही, वळली की मुडपते. म्हणजे आमचं दार या बाबतीत चांगलं आहे असं नवरा आतून ओरडून सांगत होता, त्याला बाहेर यायचं होतं.

मग काका म्हणाले आता आमचं बघू, गंमत म्हणून. त्यांचं दार जुनं, पल्ला मधोमध वाकलेला, लॅचपाशी पेन्सिल जाईल एवढी फट. काकांनी एक्स-रे घातला, खाली आणला, आणि दार उघडलं. मी दहापर्यंत पण मोजलं नव्हतं. काकूंची खुर्ची दारातच होती, त्या तिथे बसल्या बसल्या आपल्याच हॉलकडे बघत राहिल्या.

कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग काका म्हणाले "आम्ही रोज संध्याकाळी तासभर उपवन तलावाला जातो, नुसतं ओढून." काकू म्हणाल्या "अकरा वर्षं."

सोमवारी त्यांच्याकडे सुतार आला. वेगळं चौकोनी जिभेचं कुलूप बसवलं, लॅचसमोर चौकटीला बाहेरून पत्र्याची पट्टी ठोकली, कोयंड्याचे स्क्रू बदलले. जुने स्क्रू सुताराने काकांच्या तळहातावर ठेवले, खरंच अर्ध्या इंचाचे होते. आमच्या दाराला मी लॅच काढून चावीचंच कुलूप घेतलं, आणि दाराखाली आता जुनी रबरी चप्पल असते, कचरा ठेवताना. नवऱ्याचा नंबर पाठ केला. सेफ्टी व्हॉल्व मिळाला.

एक चावी काकांकडे दिली आहे आणि त्यांची आमच्याकडे. फक्त एक्स-रे परत द्यायचा राहिला होता, तर काकांनी आत्ता बेल वाजवून मागितला. गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय. कडेला घड्या पडल्या आहेत आणि खालचा कोपरा गेलाय, डॉक्टरांना काय सांगू म्हणून विचारत होते.